भिंतीपलीकडचा नीलमोहर

अम्मी,

शाळेतल्या मराठीत लिहायले बसली होती, पण तुयासंग बोलायचं तर ती जमत नाई. आपल्या कॉलनीत होता तसाच एक नीलमोहर इथी गडचिरोलीत माया दारासमोर फुलला आहे. खिडकीतून अर्धाच दिसते. कालपासून तुयी लय आठवण येऊन राह्यली.

भद्रावतीच्या क्वार्टरात, थंडी सरता सरता अब्बा गेले आणि तू इद्दतीत बसली. नवरा गेल्यावर चार महिने दहा दिवस बाईनं घराबाहेर पाय टाकू नये, रंगीत नेसू नये, अत्तर-फूल लावू नये. सोबतीले फुपी येऊन राह्यली होती. अब्बाची मोठी बहीण, पण पहारेकऱ्यापेक्षा कमी नाई. बाई गं, तिचे ते कान! अंगणाच्या भिंतीमागं नीलमोहर होता. पान एक नाई, नुसता जांभळा. तुले त्याचा फक्त शेंडा दिसे. बुंध्याशी सडा पडे, तो आम्ही तुडवत शाळेत जाऊ, आणि तू भिंतीकडं तोंड करून गहू निवडत बसलेली.

एका दुपारी मी भिंतीवर चढली आणि एक फांदी अंगणाकडं ओढून गदागदा हलवली. फुलं तुया पांढऱ्या ओढणीवर पडली. "कार्टे, झाडाले काऊन छळून राह्यली? उतर खाली, तंगडं तोडीन!" तू एवढ्या जोरानं ओरडली की आतून फुपी "बरं केलं" म्हणाली. मग तू मान वर केली आणि हळूच म्हणाली, "आणखी एक डाव." त्या दिवशी संध्याकाळपर्यंत तू अंगण झाडलं नाई. फुपीनं विचारलं तर म्हणे, कंबर धरली.

इद्दत सुटली तोवर फुलं सरली होती. पहिल्याच सकाळी तू चप्पल घातली, झाडाखाली गेली, बुंध्याले हात लावला. मले रडू आलं. म्हटलं, आता काय पाहतं, फुलं तर गेली. "फुलं पुढच्या सालीबी येतीन, पोरी. मी आज आली ना." आणि तशीच बाजारात गेली. लोक पाहत होते. तू कोथिंबीरवालीशी भावावरून भांडत होती.

माया घरचे, एसटीचे ड्रायव्हर, दिवाळीच्या आधी गेले. मीही इद्दतीत बसली. आता ती सुटली. पोरगी रोज म्हणते, "अम्मी, चाल ना, झाडाखाली जाऊ." मी म्हणते, ऊन लय आहे. ऊन उतरलं की म्हणते, गुडघा धरला. हे बहाणे तुयाकडूनच शिकली, पण तू ते फुलांसाठी करत होती. बाहेर लोक मले बिनानवऱ्याची म्हणून पाहतीन, याची भीती वाटते. घरात त्याईची खाकी वर्दी अजून खुंटीवर आहे, इथी मी त्याईचीच बायको आहे. पण जीव गुदमरते, अम्मी, खोटं काऊन बोलू.

हे पत्र कुठी टाकायचं नाई, तू गेली तिथी टपाल जात नाई. टाकायचं म्हटलं तरी दाराबाहेर जा लागन. पोरीले सांगितलं नाई, तुले सांगते. इद्दत सुटली त्या सकाळी मी चप्पल घालून दारापर्यंत गेली होती. कडी काढली. समोर झाडाले नुकताच बहर लागला होता. मग कडी परत लावली, आणि पोरगी उठायच्या आत चप्पल जागेवर ठेवली.