दशांशातलं शून्य

प्रिय दशांशबाई,

या नावाने हाक मारायचा हक्क मला उरलाय की नाही, ठाऊक नाही. पण दुसरं काही लिहायला गेलो तर पेन पुढे सरकेना. तू सात वर्षांची असताना माझ्याबरोबर पंपहाऊसमागच्या टेकडीवर यायचीस. तापमापक ठेवलेल्या, फटीफटींच्या त्या पांढऱ्या पेटीसमोर मी तुला उचलून धरायचो, आणि मी ‘एकोणचाळीस’ म्हटलं की तू ‘पूर्णांक किती?’ विचारून भंडावून सोडायचीस. पंपावरच्या लोकांनी तुला हे नाव ठेवलं ते तेव्हापासून. पंप चालवणं ही माझी नोकरी आणि दुपारी तीनचं तापमान वहीत लिहून हवामानखात्याला कळवणं हे जोडीला आलेलं काम. मी मिरवायचो मात्र त्या जोडीच्या कामावरच.

आई बरी आहे. तुझा फोन आला की स्वयंपाकघराचं दार लोटून घेते, मला ऐकू येऊ नये म्हणून. मीही ऐकत नसल्याचं सोंग करतो आणि पेपर उलटा धरून बसतो. परवा तिने तो येऊन सरळ करून दिला. 

नगरपालिकेच्या सभेला आता चौदा महिने झाले. कौलांच्या कारखान्यात उघड्या आवारातलं काम उन्हाळ्यात बारा ते चार बंद ठेवावं, असा ठराव तू तुझ्या हवामानाच्या अभ्यासावरून मांडला होतास. कारखान्याच्या मालकाने माझ्या जुन्या वह्यांतल्या आकड्यांचा आलेख छापून खुर्चीखुर्चीवर ठेवला होता. शेजारच्या चारही केंद्रांचा पारा चढलेला, आणि एकट्या आपल्या टेकडीचा जागचा हललेला नाही! त्या माणसाने मला हरभऱ्याच्या झाडावर चढवलं आणि मी चढलो. पहिल्या रांगेतली खुर्ची, दोनदा चहा, ‘पाऱ्याशी इमान राखलेला माणूस’ अशी ओळख. मग मी उठून बोललो. हवा काय, पूर्वीपासून थोडीफार बदलतच आलीय, इथलं ऊन पूर्वीइतकंच आहे, म्हणालो. शास्त्रज्ञांना घाबरवण्याचाच पगार मिळतो, म्हणालो. आणि शेवटी, ‘जिला मी दशांश शिकवला ती आता मला पारा शिकवायला निघालीय.’ सभागृह खो-खो हसलं. तू एवढंच म्हणालीस, की या केंद्राच्या नोंदी मी हिशेबात धरू शकत नाही. का, असं लोक ओरडून विचारत होते. तू खाली मान घालून कागद गोळा केलेस. ठराव पडला आणि माझ्या पाठीवर थापा पडल्या.

सभेच्या आठ दिवस आधी तू मुद्दाम घरी आली होतीस, आठवतं? बाबा, पारा न हललेल्या त्या वर्षांत पेटी हलवली होती का, असं विचारलंस. उपकरण बदललं होतं का, मध्ये झाड वाढलं होतं का, असंही. किती हळू विचारत होतीस. मी ताट सरकवून उठलो आणि तुझ्यावर डाफरलो. तू मला एकामागून एक सुटकेचं दार उघडून देत होतीस, हे मला त्याच क्षणी कळलं होतं. म्हणून तर एवढा भडकलो.

तू जाताना एक कागद टेबलावर राहिला. राहिला की ठेवलास, हे मी स्वतःला कधी विचारू दिलं नाही. सभेनंतर मी तो उघडला. अकरा उन्हाळ्यांच्या तेराशेहून जास्त नोंदी, आणि दशांशाच्या जागी कुठला आकडा किती वेळा आला, ते पेन्सिलने मांडलेलं. एक, दोन, तीन, चार, सगळे भरपूर. शून्यापुढे काहीच नाही. तिथे तू नुसतं एक वर्तुळ काढलं होतंस.

खऱ्या पाऱ्याला शून्यावर थांबायला लाज वाटत नाही गं. खोटं लिहिणाऱ्याला वाटते. चाळीस पूर्णांक शून्य लिहिलं, तर वरच्या साहेबाला वाटेल की अंदाजाने ठोकलंय, म्हणून मी दर वेळी दोन, चार, सात असं काहीतरी लिहायचो. मागच्या वर्षीची वही उघडायची, आकडा थोडा इकडेतिकडे करायचा आणि सही ठोकायची. आईच्या आजारपणात तिला तीनला औषध द्यावं लागायचं, तिथून हे सुरू झालं. ते कारण पहिल्याच उन्हाळ्यापुरतं खरं. पुढची दहा वर्षं नुसता आळस. खरं सांगू? त्या वर्षांत दुपारी टेकडी चढवेनाच. पायवाटेवर चपलेतून चटके बसायचे, डोळ्यांपुढे अंधारी यायची. ऊन सोसेना म्हणून मी वर गेलो नाही, आणि खाली पंख्याखाली बसून लिहिलं की ऊन पूर्वीइतकंच आहे.

तू तापमानाचे कितीतरी नकाशे दाखवलेस. मला ते कळत नव्हते असं समजू नकोस. तुझं खरं म्हटलं की माझं खोटं उघडं पडत होतं, एवढंच. म्हणून तुझं सगळं शास्त्रच खोटं ठरवलं.

आता जे सांगायला हात कचरतोय ते. शेजारच्या वहिनी, तुझ्या वेण्या घालायच्या त्या, कौलं वाळत घालताना आवारात कोसळल्या. दुपारी तीनला. जीव वाचला, पण उजवा हात थरथरतो आणि शब्द सापडत नाहीत. त्यांना भेटायला इस्पितळात गेलो. त्यांचे यजमान, भाऊ, म्हणाले, सकाळपासून डोकं धरलं होतं, मी म्हटलं नको जाऊस, तर म्हणाली, काका एवढी वर्षं मोजत होते, ते सांगतात ना पूर्वीइतकंच आहे. भाऊंच्या बोलण्यात राग नव्हता. मला दिलासा द्यायला सांगत होते, म्हणाले, तुमच्यावर फार विश्वास तिचा.

दुसऱ्या दिवशी मी टेकडी चढलो. चार ठिकाणी बसलो. तिथल्या नव्या माणसाने पेटी उघडून दिली. घड्याळात तीन वाजले होते. बेचाळीस पूर्णांक शून्य. मी तिथेच रडलो. तो बिचारा पाणी आणायला धावला.

सोबत त्या अकरा वर्षांची यादी जोडलीय, महिन्यांसकट, सहीसकट. त्या नोंदींवर काट मार आणि कारण लिही. ‘उपकरणातील दोष’ असं लिहू नकोस, निरीक्षक खोटं बोलला असं लिही. सोमवारी तोच ठराव पुन्हा सभेत येतोय. या वेळी मी मागच्या रांगेत बसेन, आणि माझी पाळी आली की या पत्राची दुसरी प्रत उभा राहून वाचेन, वहिनींचा परिच्छेदसुद्धा. भाऊंना मी काल सगळं सांगितलं. ते उठून आत गेले आणि दार लावून घेतलं. लोक तुझ्याकडे बघतील म्हणून तुला आधी कळवतोय. तू त्या दिवशी भर सभेत माझं नाक कापू शकत होतीस. तू स्वतःचं हसं करून घेतलंस, ठराव पडू दिलास आणि बापाला झाकलंस. यापुढे झाकू नकोस. माझ्यासाठी गप्प राहिलीस तेवढी एकच चूक तुझ्या हातून झाली, बाळा, आणि तीही माझ्याच नोंदीत लिही.

तुझाच, ज्याला तू पूर्णांकापुढचं विचारायचीस तो,
बाबा