बाबांचा पहारा

मे महिना, अकरावा दिवस

चि. बिथूस यास झियाताईकडून,

अ. आ. या खेपेला नाहीत. पाहिजे असतील तर आधी बाबांचा दगड जागेवर आण.

काल गुलाबांचा सण. टोपलीभर गुलाब, वाइन आणि ऊन ऊन भाकरी घेऊन बाबांच्या कबरीवर गेले, तर दगडाच्या जागी खड्डा! आत बेडूक बसलेला. मळेकरी म्हणाला, तुमचा भाऊ शिपाई आहे त्याच किल्ल्यातल्या लोकांनी सात कबरींचे दगड उपटून गाड्यांत घालून नेले, तटाच्या भिंतीला कमी पडले म्हणे. आणि तू कुठे होतास रे मेल्या?

बाबांनी जिवंतपणी स्वतः उभं राहून तो दगड घडवून घेतला होता. वर घोडेस्वार, खाली अक्षरं: पंचवीस वर्षं पहारा केला, आता उठवू नका. आईचे डोळे गेल्यापासून ती त्या अक्षरांवरून बोट फिरवते आणि मग तिथंच बसून बाबांशी भांडते. काल गुडघा धरला होता म्हणून घरी राहिली. मी तिला अजून सांगितलेलं नाही. पण महिनाअखेरीला दुसरा गुलाबांचा दिवस आहे, त्या दिवशी ती येणारच. तिला काय खड्डा चाचपायला लावू?

लोभ होता. राहील की नाही ते तुझ्या हातात.
तुझी ताई, झिया

मे महिना, सव्विसावा दिवस
किल्ल्याची कोठडी

ति. झियाताईस,

सा. न. वि. वि. नमस्कार खरोखरचा साष्टांग आहे, कारण पाठ सोललीय, पालथा पडूनच लिहितोय.

आधी शिव्या आवर. दगड उपटले त्या दिवशी मी इथंच कोंडलेला होतो. किल्लेदाराचं शिरस्त्राण त्याच्याच गाढवाला घातलं होतं ना, त्याबद्दल. सुटून बाहेर आलो तर चुन्याच्या ढिगाशेजारी बाबा आडवे! डोकंच फिरलं. तसाच किल्लेदार मार्किनसपुढे गेलो. तो म्हणाला, नदीपलीकडे गॉथ टोळ्या चढाईसाठी होड्या बांधतायत, भिंत जित्यांना लागते, मेलेल्यांना नाही. असेल, खरं असेल. मग मी विचारलं, साहेब, तुम्ही स्वतःसाठी कोरून घेतलेला दगड पाथरवटाच्या छपरात गवताखाली लपवलाय, तो का नाही लागत? तर म्हणे तो संगमरवरी आहे. म्हणजे आमचा बाप साधा चुनखडीचा, म्हणून खपतो!

दगड परत आणणं नाही जमलं, ताई. चार बैल लागतात आणि गाड्यांवर नजर असते. हे लोक कबरीचे दगड अक्षरं आत करून बसवतात, चोरी दिसायला नको म्हणून. तेव्हा दिझास पाथरवटाला माझ्या वाट्याची आठ दिवसांची वाइन पाजली. बाबा आता किल्ल्याच्या दरवाजाच्या डाव्या हाताला आहेत, अक्षरं बाहेर, आईचा हात पोचेल इतक्या उंचीवर.

आणि किल्लेदार नदीवर होड्या मोजायला गेला, तेवढ्यात त्याचाच हुकूम आहे असं ठोकून दिलं आणि त्याचाही दगड शेजारी बसवून घेतला. तोही अक्षरं बाहेर: इथे मार्किनस कायमचा झोपला आहे. वर तीन थर चढलेत, आता काढला तर दरवाजाच खाली येईल. परवा एक मीठवाला ते वाचून रडवेलं तोंड करून त्याच्या घरी समाचाराला गेला. दार मार्किनसनंच उघडलं.

वीस फटके पडले. पैकी पंधरा तरी वसूल झाले.

आईला दरवाजापाशी आण. लोभ असू दे, पाठीवर मात्र हात फिरवू नकोस.
तुझा बिथूस

जून महिना, पहिला दिवस

चि. बिथूस यास,

अ. आ. परत दिले. निम्मेच.

काल आईला आणलं. वाटेत सगळं सांगून टाकलं. भिंतीशी पोचल्यावर तिनं घोडा चाचपला, स्वार चाचपला. मला वाटलं, आता रडेल. बोट 'आता उठवू नका' वर आलं आणि बाई अशी भडकली, की बुरुजावरचे शिपाई खाली धावले. तिनं त्यांना विचारलं, पंचवीस वर्षं थंडीवाऱ्यात उभा केलात त्याला, सुटला म्हणून मी देवाला मध वाहिला, आणि आता मेल्यावर परत पहाऱ्याला लावता? कुणाला विचारून? एका पोरानं शिरस्त्राण काढून हातात घेतलं.

शेजारचा दगड कुणाचा ते मी सांगितलं. तिनं तोही चाचपला आणि म्हणाली, पोराला सांग, वात्रटपणा छान झाला, पण तुझा बाप अजून उभाच आहे.

मग तिनं गुलाब बाबांच्या पायाशी ठेवले आणि तिपाई मागवली. म्हणाली, त्याची पाळी मी करते, त्याला झोपू द्या. आज उजाडताच पुन्हा जाऊन बसलीय. येणाऱ्या-जाणाऱ्याला हटकते, नाव विचारते. मार्किनस मागच्या दारानं ये-जा करतोय.

दुपारी भाकरी घेऊन गेले, तेव्हा मला जवळ ओढून कानात म्हणाली, गॉथ आले आणि ही भिंत पडली तरी पडू दे, माझा माणूस एकदाचा आडवा तरी होईल. मी तिच्या तोंडावर हात ठेवला. तू त्याच भिंतीच्या आत आहेस, बिथूस, हे तिला आठवलं नसेल असं मी धरून चाललेय.

लोभ आहे. म्हणूनच इतकी चिडलेय.
तुझी ताई, झिया