नाटकं बंद कर

मामी,

वर आधी 'तीर्थरूप' लिहिलं होतं, मग खोडलं.

आई गेल्यावर तुझ्या घरी आले तेव्हा मी नऊ वर्षांची होते. रडले की तू म्हणायचीस, "नाटकं बंद कर." ताप आला तरी तेच. मग मी खरंच नाटकं सुरू केली, शाळेत, तुझ्यापासून लपवून. पुढे घर सोडलं आणि चार वर्षं मालिकांच्या गर्दीत उभी राहिले. एकदा प्रेताचं काम मिळालं, तर त्यातही शिंकले.

मग एका मालिकेत खाष्ट काकूचं काम करणारी नटी आजारी पडली. मी पुढे झाले. तू करायचीस तशी टेबलावरच्या कापडाची सुरकुती सावकाश सारखी केली आणि हसत म्हटलं, "पोटभर खा हो. आमच्या मुलांना काय, उरलंसुरलं चालतं." काम मला मिळालं.

आता लेखक अडला की मी मामाला फोन करते. आठवडाभरात तू काय काय बोललीस ते तो भाबडेपणाने सांगतो. परवा म्हणाला, तू रोज टीव्हीसमोर बसून त्या काकूला शिव्या घालतेस आणि मला विचारायला सांगितलंयस, "इतकी दुष्ट बाई जगात असते का गं?"

उत्तर लिहून झालं, पण पत्र टाकणार नाही. स्वतःला ओळखलंस तर उगाच सुधारशील, आणि माझे अजून दोनशे भाग बाकी आहेत.

तुझ्याच हाताखाली तयार झालेली,
भाची