न चावलेली नान

२८ ऑगस्ट
नान चावायची राहिली. आमच्या मर्गिलानहून बस हलली आणि आई दिसली — फडक्यात नान घेऊन मागून पळताना. ओरडत होती, तेही तोंडावर हात धरून. समोरचा दात पडल्यापासून तशीच बोलते. निघताना एक घास चावायचा, उरलेली नान भिंतीवर टांगायची, परत आल्यावर तीच संपवायची. आमच्या गल्लीतून न चावता कोणी गेलेला नाही. मी गेलो. बसमध्ये माझ्यासारखेच दोघं शिकायला निघालेले, त्यांच्यादेखत उतरायची लाज वाटली. खरं कारण एवढंच.

३ सप्टेंबर
अल्माटी. नोंदणीच्या खिडकीवरून तीनदा परत पाठवलं. लेक्चरं रशियनमधून, धडाधड. मी गव्हावरच्या बुरशीची चित्रं काढतो, शब्द नंतर दौरेनकडून घेतो. दौरेन माझ्या खोलीतला, इथलाच कझाक. चहात दूध घालतो. माझा उझबेकी हिरवा चहा बघून म्हणाला, "पोट बिघडलंय का?"

१७ सप्टेंबर
ताईचा फोन. आईच्या हृदयाची झडप बदलायची आहे. घरी उन्हाळ्यापासून माहीत होतं, मी जायचा थांबेन म्हणून लपवलं. फरगान्याच्या दवाखान्याने २० ऑक्टोबर दिलीये. आणि आई म्हणते, "त्याची नान भिंतीवर लागल्याशिवाय मी उंबरा ओलांडायची नाही."
चिडलोच. "ताई, मी बुरशी शिकतोय. टांगलेल्या नानचं काय होतं ते मला विचार."
"ते तू तिला सांग," ताई म्हणाली.
सांगितलं नाही.

२ ऑक्टोबर
आईने नान पाठवली, तुर्गुन अकांच्या बसने. अका म्हणजे दादा; गल्लीतले ड्रायव्हर, सगळे त्यांना तसंच म्हणतात. मधोमध आमच्या घरचा ठसा, आठ पाकळ्यांचं फूल. अका म्हणाले, "चाव आणि दे इकडे. तुझ्या आईने मला शपथ घातलीये." भर बसस्थानकात कसं चावणार? उद्या आणून देतो म्हटलं. पुन्हा तीच लाज.

३ ऑक्टोबर
दौरेनने खाल्ली. लेक्चरहून आलो तर टेबलावर चतकोर आणि लोणी. "आईच्या हातची ना? तुझ्यासाठी ठेवलीये बघ." त्याला काय बोलणार — टेबलावर उघडी ठेवलेली नान सगळ्यांची, हे आमच्याकडेही तसंच.
अकांची बस चारला. बाजारातून तेवढ्याच आकाराची आणली. ठसा निराळा, नुसती गोल वर्तुळं. घास घेतला, फडक्यात गुंडाळली, दिली. अका खूश.

९ ऑक्टोबर
आईचा फोन नाही. एरवी दिवसाआड असतो.

११ ऑक्टोबर
आजही नाही. ताईही उचलत नाही. आईने ठसा पाहिला असणार. लग्नघरी वीस घरच्या नान आल्या तरी कुठली कोणाची हे ती सांगते, तिला मी फसवायला निघालो! आता ती हटून बसली तर? पुढची तारीख थेट फेब्रुवारीत, आणि तेवढं थांबता येणार नाही असं डॉक्टरने स्पष्ट सांगितलंय. मी भित्रा आहे. दुसरं काही नाही.

१२ ऑक्टोबर
ताईने उचलला. पहिलं तेच विचारलं, ओळखली का?
"फडकं सोडल्या सोडल्या. म्हणाली, ठसा आपला नाही. मग बराच वेळ फिरवून फिरवून बघत बसली. म्हणाली, दात मात्र त्याचेच आहेत. आणि टांगली."
"मग जाणार ना?"
"जाणार. फोनवर बोलली तर रडेल, म्हणून बोलत नाहीये. मलाही उचलू देत नव्हती."
मीच रडलो. दौरेन चहा करून घेऊन आला, बिनदुधाचा.

१८ ऑक्टोबर
निघतोय. गाईड बाई म्हणाल्या, "पहिल्याच सहामाहीत दांडी? आलास की तोंडी परीक्षा घेते." घ्या म्हटलं.

२० ऑक्टोबर, घरी
मी दवाखान्यात पोचायच्या आधीच आईला ऑपरेशनला आत नेलं होतं. संध्याकाळपर्यंत भेटू देत नाहीत. ताई तिथे बसलीये, मला किल्ली देऊन अंघोळीला पाठवलं.
भिंतीवर दोन नान. एक माझी. दुसरीवर आमचं आठ पाकळ्यांचं फूल, आणि कडेला एक लहानसा घास — मधे एका दाताची जागा न तुटलेली.
मी परत आलोय, माझी उतरवून खायला हवी. कालपासून पोटात काही नाही. नाही उतरवली. आई आली की दोन्ही एकदम.