जवसाच्या चटणीचा करार

वरोरा, मंगळवार, संध्याकाळ

अजून हसू येतंय. व्यापार करार शिकवताना मुलं जांभया देतात, म्हणून आज वर्गातच डबे उघडायला लावले. प्रत्येक बाक म्हणजे एक देश. जगाचा नियम एकच, एकाला जो भाव तोच सगळ्यांना.

प्रणालीच्या जवसाच्या चटणीने सगळा घोळ केला. तिने शेजारच्या बाकाशी परस्पर ठरवलं की त्यांचे झिंगे आणि हिची चटणी, दोघांत मोकळं. बाकीच्यांना मात्र आधीसारखंच, चमचाभर चटणीला अर्धी पोळी.

"मॅडम, हे कसं काय चालते?" मागच्या बाकावरचा राहुल चिडला.

चालतं, म्हटलं. नियमातच तशी सूट आहे, फक्त बाहेरच्यांवर आधीपेक्षा जास्त ओझं टाकायचं नाही.

"मंग आमाले बी घ्या ना त्या करारात."

घंटा होईपर्यंत अख्खा वर्ग करारात होता. असे गट जगाला जोडतात की तोडतात, हा माझा प्रश्न फळ्यावरच राहिला. खरं जग इतक्या लवकर ऐकेल का? वाटत नाही. पण आज वाटलं.

घरी येऊन डबा उघडला. माझी वांग्याची भाजी गायब, तिच्या जागी जवसाची चटणी. मला न विचारताच पोरांनी मलाही करारात घेतलं होतं.