तळ्याकाठचा बगळा

तीर्थरूप ताईस,

धाकटीचा नमस्कार. गुडघा आता जिना चढू देतो ना? इकडे आम्ही दोघं ठीक आहोत. निदान पत्राच्या सुरुवातीला तसं लिहायची रीत आहे.

मी छापचित्रांच्या वर्गाला जाते हे तुला कळलंच असेल (ह्यांनी सगळ्या नातेवाइकांना फोन करून ‘म्हातारपणी शिक्के मारायला लागली’ असं सांगितलंय). लिनोच्या, म्हणजे रबरासारख्या मऊ लादीच्या, तुकड्यावर चित्र उलटं कोरून ठसा करायचा, रुळाने शाई लावायची, वर कागद ठेवून चमच्याच्या पाठीने घासायचं. मी पार्कात बसून तळ्याकाठच्या बगळ्याचं चित्र काढून आणलं, कारण तो एकटाच न हलता उभा राहतो (बाकीच्या पक्ष्यांना कलेची कदर नाही). कोरताना हात सटकला आणि त्याच्या पायाचं एक बोट उडालं. तरी छाप असा उतरला की मीच दचकले. डोळ्याचा ठिपका तर चार दिवस वाळेचना.

पाचव्या दिवशी गेले, तर तळं रिकामं. वॉचमन म्हणाला, “बाई, तुम्ही चित्र काढून गेलात तेव्हापासून तो दिसलाच नाही. नऊ वर्षांत असं झालं नव्हतं.” मी हसण्यावारी नेलं. घरी येऊन पाहते तो कागदावरच्या बगळ्याने मान वळवलेली. छाप उलटा येतो हे मलाही कळतं गं, पण हा सरळ माझ्याकडे बघत होता!

माझी पाचावर धारण बसली. कोरायचं हत्यार घेतलं आणि ठशावरून अख्खा बगळा तासून टाकला. बघता बघता कागदावर नुसतं तळं उरलं. दुसऱ्या सकाळी स्वारी पार्कात हजर. जवळ जाऊन पाहिलं, पायाचं एक बोट कमी. आता तो माशांकडे ढुंकूनही बघत नाही. मी जिकडे जाईन तिकडे त्याची मान फिरते.

तो नाद मी कायमचा सोडलाय. काळजी नसावी.

तुझी,
धाकटी

ता. क. कायमचा म्हणजे अगदीच तसं नाही. “बगळ्याला कोरतेस, मग मी काय घोडं मारलंय?” म्हणून हे हटूनच बसले. कोरलं. काल दुपारी एकच छाप काढला, चहा घेऊन बाहेर आले, तर खुर्ची रिकामी. चपला दारातच आहेत. कागदावरचे हे अजून ओले आहेत.

आणखी एक. ठसा तासायला हवा, पण माझा हात सटकतो, आणि ह्यांचं नाक म्हणजे जोखमीचं काम. तुझा हात स्थिर आहे, तेव्हा चष्मा घेऊन ये. मात्र धावपळ करू नकोस. लग्नानंतर पहिल्यांदाच कोणी न टोकता अख्खं वर्तमानपत्र वाचून झालं. गुरुवारी आलीस तरी चालेल.