मास्तरांचं नाक

सोमवार, ४ नोव्हेंबर

माझ्या व्हिस्कीच्या सदराचा बार्शीचा एक वाचक आईच्या वर्षश्राद्धाला अमेरिकेहून आला, त्याने आणलेल्या चार छोट्या बाटल्या. दोन बोर्बन, म्हणजे मक्याची व्हिस्की; दोन राय, त्याच नावाच्या धान्याची. चारही लहान भट्ट्यांच्या, इकडे कुणाला नाव माहीत नसलेल्या. आज इंडियानाची राय उघडली.

मास्तर साडेचारला आले. गणपतीत न्हाणीघरात पडले, त्यानंतरचा हा पहिला सोमवार. मुलगी पद्मा स्कूटरवरून सोडून गेली. डोक्याला मागे टाके घातले होते तिथे अजून केस आलेले नाहीत. 'काय पेपरवाले, दुकान चालू हाय का बंद केलं?' म्हटलं, मालकच आडवा पडल्यावर कसलं दुकान.

पद्धत जुनीच. मी आत ओततो, लेबल दाखवत नाही. स्टीलच्या दोन वाट्या. मास्तर पीत नाहीत, जन्मात प्यायलेले नाहीत; वडील शिंदीपायी गेले. डाव्या तळहातावर दोन थेंब घेतात, चोळतात, थांबतात, मग हात नाकाशी नेतात. तीन शब्द सांगतात. मी लिहून घेतो, मग पितो, आणि त्या तीन शब्दांचं पाचशे शब्दांचं परीक्षण करतो. चार वर्षं हे चालू आहे; ते पडल्यावरचा मजकूर वहीतल्या त्यांच्या जुन्या शब्दांवर काढला.

आज म्हणाले, 'शेंगा. गूळ. ओलं लाकूड.'

मी घोट घेतला आणि वाटी खाली ठेवली. शेपू. भाजीवालीने जुडी नाकापुढे धरावी इतका. माझ्यासारख्या बोथट नाकाच्या माणसालासुद्धा लागला. मास्तरांनी टॉवेलच्या कारखान्यात रंगखात्याचे मास्तर म्हणून चाळीस वर्षं काढली. नाल्याचा वास घेऊन, आज कुठल्या कारखान्यात कुठला रंग शिजतोय ते सांगायचे. मी पेपरात असताना त्यावर केलेल्या बातमीमुळेच आमची ओळख. त्यांना हा शेपू आला नाही.

थकले असतील.


बुधवार, १३ नोव्हेंबर

अठ्ठेचाळिसावा मजकूर गेला. दर महिन्याची तेरा तारीख, सहाच्या आत. शेपूच लिहिला. मास्तरांचा एकही शब्द नाही असं पहिल्यांदाच झालं.

मृणालचा पुण्याहून फोन. तिचं मासिक वेबवरचं, वाचक बहुतेक तिकडचे मराठी. 'सर, व्हॅनिला आणि कॅरमेल त्यांना कुणीही सांगेल. गुऱ्हाळ, भाजलेल्या शेंगा, कडक भाकरीची जळकी कड, हे फक्त तुम्हीच.' फक्त मीच. जानेवारीत पन्नासावा येतो, खास करू म्हणाली. मी म्हटलं, मास्तरांचं नाव घालू, माझ्या बरोबरीने.

'घालू की. आधी का नाही बोललात?'

सुरुवातीला वाटलं, न पिणाऱ्या माणसाचं नाव दारूच्या सदरावर कसं दिसेल. पुढे त्या कारणात काही राहिलं नाही. तरी बोललो नाही.


शनिवार, १६ नोव्हेंबर

अंक निघाला. पद्मा दर महिन्याला मास्तरांना मोबाइलवरून वाचून दाखवते. संध्याकाळी तिचा फोन. 'काका, बाबांनी दोनदा वाचायला लावलं. शेपू कुणाला लागला म्हणून विचारत होते. मग म्हणाले, पेपरवाल्यांचं नाक सुधारलं की.'

ती हसत होती. मीही हसलो.


सोमवार, १८ नोव्हेंबर

केंटकीचं बोर्बन. बरं, गोडसर, शेवटी जळक्या लाकडाचा कडवटपणा. फार सांगण्यासारखं नाही.

मास्तरांनी हातावर घेण्याआधी विचारलं, 'मक्याची का रायची?' असं कधी विचारत नसत. वाटी खिडकीकडे धरून रंग बघितला. मग तेच: शेंगा, गूळ, ओलं लाकूड.

न्यायला आली तेव्हा पद्माने सहज सांगितलं: परवा दूध उतू जाऊन तळाला लागलं, पातेलं काळं झालं, आणि बाबा शेजारच्या खोलीत पेपर वाचत बसलेले. 'लक्षच नसतं आजकाल.' मास्तर चपला घालत होते. वर बघितलं नाही.

ते गेल्यावर बसून राहिलो. नाक गेलं असेल तर? विचारायला हवं. पण विचारलं आणि हो म्हणाले, तर सोमवार संपला. रंगखातं बंद झालं, बायको गेली, जुने सोबती एकेक करून कमी झाले. पद्मा म्हणते, सोमवारचा पांढरा शर्ट ते रविवारी सकाळीच इस्त्री करून ठेवतात.


सोमवार, २५ नोव्हेंबर

आज जे केलं ते लिहून ठेवतो, नाहीतर उद्या मीच त्याला चांगलं नाव देईन.

दुपारी बिनदुधाचा चहा उकळला. गाळून थंड केला. पाणी घालून रंग बोर्बनसारखा येईपर्यंत पातळ केला. मास्तर आल्यावर त्यांच्या वाटीत ओतला आणि शेजारी माझ्या वाटीत तिसऱ्या बाटलीतली खरी व्हिस्की, खोलीला वास यावा म्हणून.

त्यांनी दोन थेंब घेतले. चोळले. नेहमीपेक्षा जास्त वेळ थांबले. माझ्याकडे बघितलं. मग हात नाकाशी नेऊन डोळे मिटले.

'शेंगा,' म्हणाले. 'गूळ. ओलं लाकूड. चांगलं हाय हे. जुनं पिंप असंल.'

मी लिहून घेतलं. अडतीस वर्षांची सवय, समोर माणूस काहीही सांगत असो, लिहीत राहायचं.


गुरुवार, २८ नोव्हेंबर

पद्मा शिकवते ती शाळा सुटल्यावर तिला गाठलं. चहाचं सांगितलं नाही. दूध जळल्याचं काढलं, आणि तिने पर्समधून दवाखान्याचा कागद काढला. बरोबरच ठेवते म्हणजे.

'डॉक्टरांनी विचारलं होतं, वास येतो का. डोक्याला मागे मार लागला की जातो म्हणे कधीकधी. बाबा म्हणाले, येतो की. त्यांनी बरणी पुढे केली, बाबा म्हणाले कॉफी. काका, काचेची बरणी होती. दिसत होती कॉफी.'

परत येतो का, विचारलं. 'वर्षभरात आला तर आला म्हणाले. तुम्ही बोलू नका हं. तेवढं एकच आहे त्यांचं.'

बोलत नाही म्हटलं. म्हणजे आता कबूलही करून आलो.


सोमवार, ९ डिसेंबर

मास्तरांना दोन आठवडे कणकण. आले नाहीत. चौथी बाटली, दुसरी राय, एकट्याने उघडली. पहिल्याच वासात लिंबू. कागदी लिंबाची साल किसावी तसा, स्वच्छ. घोटातही होता. मागे मिरी, किंचित पुदिना. तीनदा घेऊन खात्री केली.

चार वर्षांत माझं स्वतःचं असं काही पहिल्यांदा सापडलं. आनंद झाला, हे खोटं कशाला सांगू.


शुक्रवार, १३ डिसेंबर

एकोणपन्नासावा गेला, सव्वापाचला. मथळ्यातच लिंबू. मृणालचा लगेच निरोप: 'सर, चारही वर्षांतला सगळ्यात ताजा.'


सोमवार, २३ डिसेंबर

मास्तर आले. सुकलेत. शर्ट पांढरा, गळ्याशी सैल.

मी ओतणार तोच त्यांनी रिकामी वाटी उचलली आणि अंगठा आतून फिरवला. रंगवलेलं सूत बघायचे तसा, दोन वेळा.

'वाटी कुणी घासली?'

नवीन बाई लागली आहे, म्हटलं. इतके दिवस वाट्या मास्तरच घासायचे, येताना पुडीत राख आणायचे. मला ते त्यांचं खूळ वाटे.

'बुळबुळीत हाय अजून. साबण लिंबाचा का?'

मी मोरीवर जाऊन बघितलं. हिरवी वडी, वर पिवळ्या लिंबाचं चित्र. बाई आली ती डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात.

परत आलो तर म्हणाले, 'पद्मीनं वाचून दावलं परवा. लिंबाची साल, ताजी, सोच्छ.' हसले नाहीत. 'त्या लोकांनी तिकडं कष्टानं राय गाळली, आन तुमी साबण छापला.'

मी म्हटलं, तुम्ही नव्हता ना.

'असतो तरी काय?' वाटी खाली ठेवली. 'त्या दिवशी चहा दिलात मला.'

मी त्यांच्या डाव्या तळहाताकडे बघितलं.

'दारू हातावर गार लागती पेपरवाले. चोळली की उडून जाती. चहा उडत न्हाय, चिकटतो. नाक लागतंय व्हय त्याला?'

विचारलं, मग शेंगा आणि गूळ का म्हणालात.

'चहा म्हणालो असतो तर तुमी समजला असता, म्हाताऱ्याचं नाक शाबूत हाय. फसवल्यासारखं झालं असतं की. लेकीपुढं, डॉक्टरपुढं खोटं बोललो, तुमच्यापुढं बी दर सोमवारी. म्हटलं आता ह्यांनीच परीक्षा मांडलीया, तर नापास व्हावं. तोंडानं सांगवत नव्हतं. तुमाला कळलं की तुमी इचारणार, मग मी सांगणार.' वाटी पालथी घातली. 'महिना झाला. तुमी इचारलं न्हाई.'

पद्मा आली तेव्हा वाट्या तशाच कोरड्या होत्या.


सोमवार, ३० डिसेंबर

आले नाहीत. पावणेपाचला फोन केला. पद्मा म्हणाली, 'बरं आहे तसं. म्हणाले, आज नको.' शर्टाचं विचारणार होतो, विचारलं नाही.

आठवून बघतोय, मी का विचारलं नाही. पद्माला शब्द दिला होता, हे एक. त्यांचा सोमवार जाईल, हे दुसरं. ही दोन्ही खरी. पण ९ तारखेला लिंबू सापडला तेव्हा मी एकदाही म्हटलं नाही, की मास्तर असते तर. हे तिसरं.


सोमवार, ६ जानेवारी

मीच भवानी पेठेत त्यांच्या घरी गेलो. मास्तर दारात खुर्चीवर उन्हाला बसले होते. आत पद्मा कुणाशी तरी तेलुगूत, त्यांच्या घरच्या भाषेत, फोनवर. मला बघून मास्तरांनी स्टूल सरकवलं. बसल्यावर मी म्हटलं, चुकलं माझं, विचारायला हवं होतं.

'व्हय,' म्हणाले. तेवढंच.

वास येतो का काही, आता तरी विचारलं. कसलाच नाही. आंघोळीला साबणाचा नाही, भाताचा नाही. 'बायकोच्या पेटीत साड्या हायेत. रोज सकाळी उघडून बघतो. कापूर घातलेला असतो की त्यात. रिकामी पेटी उघडल्यावानी वाटतं.'

पन्नासाव्याचं सांगितलं. नाव, फोटो. खूश होतील असं कुठेतरी वाटत होतं.

'नाक हुतं तवा न्हाय घातलंत.'

नाही घातलं, म्हटलं.

'आता घालायचं तर खरं काय ते बी घाला. गणपतीपासनं ह्याला वास येत न्हाय. दोन महिन्याचं लिवलेलं ह्याचं न्हाय. लिंबू साबणाचा हुता.'

लिहितो म्हटलं. मग म्हणाले, 'लिवा. पर छापायच्या आदी वाचून दावा. पद्मीनं न्हाय. तुमी.'


सोमवार, १३ जानेवारी

सकाळपासून दोन मजकूर तयार. पहिल्यात मास्तरांचं नाव, रंगखातं, तळहात, सगळं. नाक गेल्याचं नाही. पानाला शोभेल असा. दुसऱ्यात ते म्हणाले तसं सगळं आहे, लिंबासकट. शिवाय त्यांनी न सांगितलेलं एक: एकोणपन्नास लेखांतले सत्तेचाळीस त्यांचे, आणि नाव माझं. मृणालला सहापर्यंत हवंय.

मास्तर एकटेच आले, गड्ड्याच्या जत्रेच्या गर्दीतून रिक्षा करून. जिन्यावर दोनदा थांबले. बाटली काढली नाही, त्यांनीही विचारलं नाही.

दोन्ही वाचून दाखवले. पहिला ऐकताना खिडकीबाहेर बघत होते. दुसऱ्याला माझ्याकडे तोंड केलं. संपल्यावर कागदावरून अंगठा फिरवला.

'दुसरा चांगला लिवलाय,' म्हणाले. 'तुमच्या हातात हाय ते. कापलं न्हाई कुटं.'

मग हाच पाठवतो, म्हटलं.

'पाटवा. पर ह्यो छापला की लोक बाटल्या कशाला धाडतील? सदर बंद. आन सदर बंद झालं की सोमवार बी गेला.'

सोमवार कुठे जातोय, म्हटलं. तुम्ही येत जा.

'येऊन काय करू? हितं बसून तुमचं तोंड बघू?'

चेष्टा नव्हती. ते खरंच विचारत होते. तुमचा हात अजून शाबूत आहे म्हणावंसं वाटलं. पण त्यांना हात नकोय. साड्यांचा कापूर हवाय.

पाच चाळीस झाले तेव्हा मृणालला फोन केला. एक दिवस दे म्हटलं. अडतीस वर्षांत असं कधी मागितलं नव्हतं. ती घाबरलीच. 'सर, काय झालं? बरं आहे ना?' बरं आहे म्हटलं. काय झालं ते मास्तरांसमोर सांगता येईना.

फोन ठेवला. दोन्ही कागद टेबलावर. बाहेर गड्ड्याचे कर्णे सुरू झालेत. मास्तर डोळे मिटून बसलेत, हे लिहितोय तरी विचारत नाहीत काय लिहिताय. मघाशी मी म्हटलं, अंधार पडायच्या आत रिक्षा बोलावू का.

म्हणाले, 'बसतो की जरा.'